कागदावर आमचं अख्खं गाव गरीब आहे. मग विषमता नक्की मोजतात कशी?

दाखलेवाली (वाळवा तालुका)

नमस्कार मंडळी. मी आमच्या गावात ऑनलाइन दाखल्यांचं केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन क्रिमीलेअर, पीकविमा, रेशन, सगळं. गावात कुणाचं उत्पन्न किती, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल. म्हणजे कागदावरचं.

कागदावर आमच्या गावात फार झकास समता नांदते. रेशनला प्राधान्य कुटुंबात बसायचं तर ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजारांची मर्यादा आहे, म्हणून ज्याला धान्य पाहिजे त्याचं उत्पन्न ४४च्या आत. लाडक्या बहिणीला अडीच लाखांची मर्यादा, तिथे अडीचच्या आत. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला आठ लाखांच्या आत, मग तिथे माणूस जरा मोकळा श्वास घेतो आणि सहा लाखसुद्धा सांगतो. माणूस तोच! मी फक्त अर्ज भरते, स्वयंघोषणापत्रावर सही त्याची असते.

आता खरं सांगते. आमच्याकडे वीस एकर उसाचा बागायतदार आहे. एकरी पंचेचाळीस टन धरा, नऊशे टन झाला. टनाला बत्तीसशे म्हटलं तरी २८ लाखांच्या वर बिल. खत, मशागत, पाणीपट्टी, सोसायटीचं कर्ज वजा करा, तरी उरतं ते बिनकराचं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही. सातबारा बायको, दोन पोरं आणि आई यांच्या नावावर फोडलेला.

आणि त्याच फडात बीडकडचं जोडपं कोयता चालवतं. २०२४च्या करारात तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. दोघांनी पहाटे अंधारात सुरुवात करून दिवसाला दोन टन तोडला तर दोघांचे मिळून ७३२. तेही हातात नाही, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून वळते होतात. राहायला ओढ्याकडेला कोपी. पोरगं उसाच्या पाचटावर झोपलेलं.

आता प्रश्न. २०२५ साली बातमी आली की जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार भारताचा गिनी निर्देशांक (विषमता मोजायचा आकडा, जितका कमी तितकी समता) २५.५ आहे आणि समतेत आपला जगात चौथा नंबर लागतो. स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया, बेलारूस आणि मग आपण. चीन ३५.७, अमेरिका ४१.८. त्याच्या आदल्या वर्षी दुसरी बातमी होती की देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे २२.६ टक्के उत्पन्न आणि ४०.१ टक्के संपत्ती आहे. दोन्ही शिकल्यासवरल्या लोकांनीच काढलेलं. यातलं खोटं कोण बोलतंय? का तिकडेही कुणीतरी माझ्यासारखीच बसलीय अर्ज भरायला?

---

बेदाणा_तासगाव

ताई, केंद्राचा पत्ता द्या हो. गंमत केली. पण आमच्याकडेही तेच आहे. बेदाण्याच्या सौद्याला ज्याची गाडी लावायला जागा मिळत नाही, त्याच्या पोराच्या फी सवलतीच्या अर्जावर उत्पन्न साठ हजार. वाचतोय, कुणीतरी जाणकार बोला.

---

जुना_अन्वेषक (विश्रामबाग, सांगली)

ताई, मी बोलतो. तीस वर्षं घरोघरी फिरून हेच विचारायचं काम केलं. खर्चाच्या पाहणीत, म्हणजे नमुना पाहणीत, मी अन्वेषक होतो. सांगली, सातारा, थोडं सोलापूर. २०११-१२च्या फेरीतही होतो. २०२२-२३ची माझ्यानंतरच्या पोरांनी केली.

पहिली गोष्ट ही की आपल्याकडे उत्पन्न विचारतच नाहीत, खर्च विचारतात. गेल्या महिन्यात तूरडाळ किती ग्रॅम, तेल किती, मुलाची फी, दवाखाना, चपला. २०११-१२ला ३४७ बाबी होत्या, २०२२-२३ला ४०५ झाल्या आणि एका भेटीऐवजी तीन महिन्यांत तीन भेटी ठेवल्या. उत्पन्न न विचारण्याचं कारण तुमच्या केंद्रात रोज दिसतंच. शिवाय शेतकऱ्याला आणि चहाच्या गाड्यावाल्याला स्वतःलाच ते धड माहीत नसतं. डाळ किती शिजली ते घरातली बाई बरोबर सांगते.

गिनी म्हणजे काय ते दोन ओळींत. १९१२ साली कोर्राडो गिनी या इटलीच्या संख्याशास्त्रज्ञाने तो मांडला. सगळ्यांचं सारखं असेल तर शून्य, सगळं एकट्याकडेच असेल तर शंभर. पण शून्य ते शंभर हे *कशाचं*, ते तो आकडा सांगत नाही. आपल्या २५.५मागे खर्च आहे. स्लोव्हाकिया-स्लोव्हेनियाच्या आकड्यामागे उत्पन्न आहे. अमेरिकेच्याही. ही यादी एकाखाली एक लावणं म्हणजे टनाचा उतारा आणि एकराचा उतारा एकाच तक्त्यात मांडणं.

आता तुमचे बागायतदार घ्या. समजा खर्च जाऊन दहा-बारा लाख राहिले. त्यातून पुण्यात फ्लॅट घेतला, शेजारची दोन एकर घेतली, पोरीच्या नावावर ठेव ठेवली. हे आमच्या तक्त्यात खर्च म्हणून येत नाही, ती गुंतवणूक. येतं काय, तर किराणा, डिझेल, मोबाइल, कपडे. माणूस कितीही श्रीमंत असला तरी भाकऱ्या किती खाणार?

आणि तोडणीवालं जोडपं घ्या. त्यांनी उचल घेतली आणि आईच्या ऑपरेशनला घातली. आमच्या तक्त्यात त्या वर्षी त्यांचा खर्च वर गेला, म्हणजे कागदावर त्यांचं राहणीमान सुधारलं! कर्ज काढून केलेला खर्चसुद्धा खर्चच. तर वरचा माणूस आहे त्यापेक्षा खाली दिसतो, खालचा आहे त्यापेक्षा वर. दोन्ही बाजूंनी अंतर कमी होतं, आणि कुणीही खोटं बोललेलं नसतं.

दुसरी गोष्ट फाटकाची. गावात कोपीत, वस्तीवर, चाळीत शिरायला कुणी अडवत नाही. चहा पण देतात. बंगल्याचं फाटक मात्र उघडत नाही. वॉचमन सांगतो साहेब बाहेर गेलेत. परत जा, परत बाहेरच. शेवटी नियमाप्रमाणे यादीतलं दुसरं घर घ्यायचं, आणि ते दुसरं घर साहेबांइतकं मोठं क्वचितच असतं. उघडलंच तर साहेब म्हणतात मिसेसना विचारा, मिसेस म्हणतात डिझेलचं ह्यांनाच माहीत. तासाभरात घड्याळाकडे बघायला लागतात.

याचा परिणाम छापील आकड्यात बघा. २०२३-२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सगळ्यात वरच्या पाच टक्क्यांचा दरमहा दरडोई खर्च सरासरी १०,१३७ रुपये निघाला. सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांचा १,६७७. खालचा मला पटतो, तशी घरं मी बघितलीत. पण वरचे पाच टक्के म्हणजे गावचे पुढारी, बागायतदार, डॉक्टर, कंत्राटदार. आणि माणशी दहा हजार? ताई, तुमच्या गल्लीतच तपासा.

तोडणीवाल्यांचं उलटं. दिवाळीनंतर ती माणसं घराला कुलूप लावून इकडे येतात. त्यांची गणती त्यांच्या गावी. तिथे हंगामात आमचा माणूस गेला तर दाराला कुलूप, मग पुन्हा दुसरं घर. म्हणजे वरचंही टोक झिजतं, खालचंही.

एक टक्क्यावाला आकडा वर्ल्ड इनिक्वालिटी लॅबचा. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ पिकेटींची मंडळी. त्यांनी पाहणीबरोबर आयकराची आकडेवारी, राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब आणि अब्जाधीशांच्या याद्या जोडून वरचं टोक पुन्हा बांधून काढलं. त्यांनाही खूप ठिकाणी अंदाज करावा लागतो, कारण आयकराचं विवरण भरणारे थोडेच. पण फाटकाच्या आत डोकावायचा प्रयत्न तरी केलाय. आणि गंमत अशी की जागतिक बँकेच्या ज्या टिपणातून २५.५ उचलला, त्याच टिपणात लिहिलंय की विषमता यात कमी दिसत असण्याची शक्यता आहे, आणि उत्पन्नाचा गिनी २००४च्या ५२वरून २०२३ला ६२वर गेल्याचा दुसरा अंदाजही दिलाय. बातमीत ते शेपूट बहुतेकांनी कापलं.

---

मिरजेचा_हिशेबनीस

काका, माहिती उत्तम. पण एक सांगा, विषमतेचं एवढं कशाला घेऊन बसायचं? गरिबी कमी झाली की नाही ते बघा. त्याच जागतिक बँकेचा आकडा आहे. दिवसाला तीन डॉलरच्या नव्या रेषेखाली २०११-१२ला २७.१ टक्के लोक होते, २०२२-२३ला ५.३. (हा डॉलर बाजारातल्या दराचा नव्हे बरं का, किमतींची तुलना करून काढलेला. आपल्याकडे दिवसाला साठच्या आसपास रुपये.) माझे आजोबा बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले आणि अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी खाऊन राहिले. आज त्यांचा पणतू इंग्लिश मिडियमला जातो. शेजाऱ्याकडे फॉर्च्युनर आली म्हणून आमची भाकरी कमी झाली का?

चीनचं बघा. चाळीस वर्षांत ऐंशी कोटींच्या आसपास माणसं गरिबीतून वर आली, आणि त्याच काळात विषमता वाढली. कुझ्नेट्स या अर्थतज्ज्ञाने १९५५ सालीच म्हटलं होतं की शेतीतून कारखान्याकडे जाताना विषमता आधी वाढते, मग उतरते.

आणि तुमच्या खर्च-उत्पन्नाच्या मुद्द्यालाही एक भोक आहे. दक्षिण आफ्रिकेतही खर्चच मोजतात. तिथला गिनी ६३ आहे. मग खर्च मोजल्याने सगळं गोड दिसतं म्हणावं, तर तिथे का नाही दिसलं?

---

जुना_अन्वेषक

दक्षिण आफ्रिकेचा मुद्दा रास्त आहे, मान्य. तिथे वर्णभेदाच्या राजवटीत जमीन, शाळा, वस्त्या कायद्यानेच वाटल्या गेल्या होत्या. ती दरी एवढी रुंद की कशानेही मोजली तरी दिसते. आपण तिथे नाही, हे खरंच आहे. मी एवढंच म्हणतो की आपण स्लोव्हाकियाही नाही.

गरिबी उतरली हेही खरं. मी नोकरीला लागलो तेव्हा ज्या वस्त्यांवर एका पातेल्यात पातळ कालवण आणि त्यात सगळं घर, अशी घरं बघितली, त्या वस्त्यांवर आज गॅस आहे. पण रेषेचंही एक ऐका. १९७१ साली दांडेकर-रथ या अर्थतज्ज्ञांनी गरिबीचा हिशेब मांडला. दांडेकर जन्माने सातारचेच. त्यांनी दिवसाला २,२५० कॅलरी धरून १९६०-६१च्या किमतींना खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस अशी रेषा आखली, आणि तेवढ्यावरसुद्धा खेड्यातले चाळीस टक्के व शहरातले पन्नास टक्के लोक खाली निघाले. पोट भरतं की नाही, एवढाच तो प्रश्न होता. आज तोच प्रश्न विचारला तर पाच टक्के हे उत्तर बरोबर येईल. पण बायपास सर्जरीला, पोरीच्या नर्सिंगच्या फीला, एका बुडालेल्या हंगामाला पुरेल का, हा प्रश्न त्या रेषेत नाही. आणि तिथेच शेजारच्या फॉर्च्युनरचा संबंध येतो. रान विकायला निघालं की घेणारा कोण असतो? फी ठरते कुणाच्या ऐपतीवर?

कुझ्नेट्सचं म्हणाल तर विषमता आपोआप उतरते असं दिसत नाही. ब्राझील बघा. जगात विषमतेसाठी बदनाम देश. २००० नंतरच्या दीड दशकात तिथला उत्पन्नाचा गिनी अठ्ठावन्नच्या आसपासहून बावन्नच्या आसपास आला. किमान वेतन वाढवत नेलं, शाळा वाढवल्या, २००३पासून मुलांना शाळेत पाठवण्याच्या अटीवर आईच्या खात्यात पैसे द्यायला लागले. अजूनही विषमच आहे, पण उतरली ती ढकलल्यावर उतरली.

आणि ब्राझीलला कशाला जायचं? आपल्या तासगाव तालुक्यात विसापूरला १९६५ साली वि. स. पागेंनी मागेल त्याला काम ही रोजगार हमीची योजना करून बघितली. बाहत्तरच्या दुष्काळात ती राज्यभर पसरली. हिशेबनीस, तुमचे आजोबा ज्या खडीवर होते ना, ती त्याच काळातली. १९७७ला कायदा झाला, १९७९च्या २६ जानेवारीपासून लागू. पैसा कुठून आणला, तर शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये माणच्या पाझर तलावावरच्या बाईला. २००५च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याला याच अनुभवाचा आधार होता. नुसत्या कागदावरच्या कामांची, खोट्या हजेरीपटांची लफडी मी स्वतः बघितलीत, तेही लिहून ठेवतो.

---

पोरगा_कडेगावचा

मधेच विचारतो, माफ करा. दाखलेवाली ताई, नॉन क्रिमीलेअरला वडिलांचं उसाचं बिल धरतात का?

---

दाखलेवाली

उत्पन्नाच्या मर्यादेत शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. बागायत जमीन किती आहे ते मात्र बघतात, सगळे सातबारे आण. आणि हा धागा त्याचा नाही रे बाबा. काका, तुमचं चालू द्या, उचलीचं जे सांगितलंत ते वाचून मी दोन मिनिटं गप्पच बसले.

---

गलाईवाला (मूळ खानापूर तालुका, सध्या तमिळनाडू)

काकांचं वाचून मलाही लिहावंसं वाटलं. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईला देशभर गेलीत. कुठल्याही शहरात सराफ कट्ट्यावर जावा, मागच्या बोळात सोनं-चांदी गाळणारा मराठी माणूस भेटंल, आणि तो विट्याच्या आसपासचाच निघंल. माझ्या पिढीचा दोन गोष्टींवर विश्वास, एक भट्टी आणि दुसरं म्हणजे गावाला पाणी येणार नाही.

आता पाणी आलं. टेंभूचं. कराडजवळ कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी, पुढं सांगोल्यापर्यंत. आनंद झाला का? झालाच. डोळ्यात पाणी आलं माणसांच्या. पण मी विषमतेचं सांगतो. पाणी यायच्या आधी गावात सगळेच कोरडवाहू होते. दहा एकरवाला आणि दोन एकरवाला दोघंही मुंबईला नाहीतर गलाईला. आता कालव्याखाली ज्याचं रान आलं त्याच्या एकराची किंमत कुठल्या कुठं गेली. ज्याचं रान कालव्याच्या वरच्या अंगाला राहिलं तो तसाच. आणि ज्याला रानच नाही, त्याला त्या पाण्यातलं काय मिळालं? खुरपायला जायची मजुरी वाढली, एवढं.

हे आधीच ओळखणारी माणसं आमच्याकडं होती, म्हणून लिहितोय. येरळा नदीवर बलवडीला लोकांनी बळीराजा धरण बांधलं, ऐंशीच्या दशकात. नदीतली वाळू कंत्राटदार नेत होते, ती गावानं विकून पैसा उभा केला. आणि ठरवलं काय, तर पाण्याचा वाटा रानावर नाही. भूमिहीनालासुद्धा पाण्याचा हक्क. मग नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, पलीकडं सांगोल्याचे गणपतराव देशमुख, ह्यांनी १९९३पासून आटपाडीला दरवर्षी पाणी परिषद भरवली. मागणी एकच, सगळ्यांना सारखं पाणी. माझे चुलते बैलगाडी जुंपून जायचे. आटपाडी तालुक्यात बंद पाइपनं समन्यायी वाटपाचा प्रयोग मंजूर झाला तो त्याच रेट्यानं. पण 'जमीन नसलेल्यालाही वाटा' हे कलम मोठ्या योजनेत उतरलं नाही.

---

मिरजेचा_हिशेबनीस

दादा, ज्याला रान नाही त्याने पाण्याचा वाटा घेऊन करायचं काय? घागरीत भरून ठेवायचा?

---

गलाईवाला

खंडानं रान करायचं, नाहीतर रानवाल्याशी बोलायचं, तुझी जमीन, माझं पाणी, पीक निम्मं निम्मं. आज तो मजुरीला जातो, मग भागीदार म्हणून जाईल. मजूर आणि भागीदार ह्यात फरक नाही म्हणता?

---

मिरजेचा_हिशेबनीस

फरक आहे. पण पाणी फुकट चढत नाही. पंपांचं वीजबिल कोण भरणार? हक्क मागायचा तर पट्टी पण भरायला पाहिजे.

---

गलाईवाला

बरं झालं विचारलंत, तुमचाच विषय आहे हिशेबाचा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, तिन्ही योजनांत पंपाच्या बिलातले ८१ टक्के सरकार भरतं आणि १९ टक्के पाणी घेणारा शेतकरी. ठरलेलं आहे ते. आमच्याकडं त्याशिवाय ऊस काय, डाळिंबसुद्धा परवडलं नसतं, म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. पण ते ८१ टक्के सरकारकडं कुठनं येतात? आमच्या गावातली रान नसलेली बाई साबण घेते, पोराला बिस्किटचा पुडा घेते, फोनला रिचार्ज मारते, सगळ्यावर जीएसटी भरते. पाणी तिच्या दारावरनं कालव्यातनं जातं आणि ते वर चढवायच्या बिलात तिचेही पैसे आहेत. आता हे तुमच्या गिनीत कुठल्या रकान्यात येतं ते काकांनी सांगावं.

---

जुना_अन्वेषक

साबण, बिस्किट आणि रिचार्ज तिघंही येतात, तिच्या खर्चात, कर धरून. पाणी कुठल्याच रकान्यात येत नाही.